तारवाबाहेरची माय

माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तोवर मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. नर्सिंगच्या ट्रेनिंगला होते तेव्हाही काही सांगायचं असलं की सुट्टीत आपल्याकडे येणाऱ्या एखाद्या मुलीच्या तोंडी निरोप धाडायची. तुला जाऊन आता वीस वर्षं होत आली. मी दवाखान्यातून रिटायर झाले, केस पिकले, गुडघे कुरकुरतात, आणि रविवारी चर्चमधली मिस्साची उपासना संपल्यावर वसतिगृहातल्या ख्रिस्ती मुलींना धर्मशिक्षण शिकवते. गेल्या रविवारी सातवीतली एक मुलगी वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळली. वहीचा कोपरा दुमडत तिनं विचारलं, "मॅडम, माही आजी चर्चमधी येत नाई. तिचा बाप्तिस्मा नाई झाला. मेल्यावर देव तिले आत घेईन का नाई?" द्यायचं ते उत्तर मी दिलं. तिनं मान हलवली आणि जेवणाच्या घंटेला पळाली. मी मात्र फळा पुसत तिथंच उभी राहिले, कारण हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी तू माझ्या शेजारी बसली होतीस, आणि प्रश्न तुझा होता.

मी आठवीत होते. आपल्या गावातली शाळा चौथीपर्यंतच, म्हणून तू मला सिस्टरांच्या वसतिगृहात ठेवलं होतंस. प्रार्थनेला बस असं मला तिथं कुणी म्हटलं नव्हतं. आपल्याकडच्या, ख्रिस्ती नसलेल्या बाकीच्या मुली संध्याकाळी अंगणात लंगडी खेळायच्या, पण मी खिडकीशी जाऊन बसायची, कारण आत एक म्हाताऱ्या सिस्टर गोष्टी सांगायच्या आणि मला गोष्टींचं वेड. एकदा त्यांनी बायबलातल्या महापुराचा रंगीत तक्ता टांगला. भलं मोठं लाकडी तारू, त्यात जनावरं आणि मूठभर माणसं, आणि खाली पुराच्या पाण्यात हात वर केलेले लोक. सिस्टर म्हणाल्या, चर्च म्हणजे हे तारू, आणि तारवाच्या बाहेर कोणीच वाचलं नाही. मुली हत्ती न् उंट शोधत होत्या. मी पाण्यातल्या बायका बघत होते. त्यातली एक अंगानं अगदी तुझ्यासारखी होती, काटक, मानेवर अंबाडा सुटलेला. त्या तक्त्यानं मला कितीतरी दिवस पछाडलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तर तू खळं सारवत होतीस. धान कापायला आलं होतं. मी पिशवीही खाली ठेवली नाही. म्हटलं, "माय, तू बाप्तिस्मा घेऊन घे. नाई तं तू बुडशीन." तुझा हात थांबला नाही. "कुठी बुडीन? नदी तं कोसभर लांब हाय." मग मी तुला सगळं सांगितलं, तारू, पूर, शेवटचा न्याय, देवाच्या डावीकडचे टाकलेले आणि उजवीकडचे वाचलेले. तू ऐकत ऐकत सारवण पुरं केलंस, हात धुतलेस आणि एवढंच विचारलंस, "अन् तुहा भाऊ?" माझ्या आधीचा तो. तापानं गेला तेव्हा वर्षाचाही नव्हता, मी त्याला पाहिलेलंही नाही. "तो तं चालाले बी शिकला नोता," तू म्हणालीस, "त्याले काऊन बुडवलं तुह्या देवानं?" मी पुन्हा तारवाचंच सांगायला लागले. तेव्हा तू रागावलीस. तू क्वचित रागवायचीस, म्हणून ते शब्द जसेच्या तसे राहिले आहेत: "ज्याची पक्की माईती नाई ते कोणाच्या तोंडावर फेकू नोको. मेलेल्या माणसाबद्दल तं बिलकुलच नाई."

सुट्टी संपली. नेहमी तू मला बसमध्ये बसवून परत जायचीस. या वेळी वसतिगृहापर्यंत बरोबर आलीस. मिशनच्या स्वयंपाकघराच्या ओसरीवर फादर चहा पीत बसले होते. ते केरळचे, आपली भाषा बाजारात शिकलेले, बोलताना बाईला पुरुष आणि पुरुषाला बाई करणारे. तुला रिकामं बसवत नसे. तू स्वयंपाकीणबाईच्या हातातलं सूप घेतलंस आणि तांदूळ पाखडायला बसलीस. मी दाराशी उभी.

"फादर भाऊ, एक गोष्ट विचाराची हाय. रागवान नाई ना?"

"विचारा, बाई."

"माही पोरगी म्हणते का मी बुडणार हाय."

फादरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. त्यांनी पेला खाली ठेवला आणि हळूहळू, शब्द वेचत बोलायला लागले. म्हणाले, देव माणसाचं मन बघते. ज्याला येशू ठाऊकच नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही, पण तो खऱ्या मनानं देवाला शोधते, आतला आवाज सांगते तसं चांगलं वागते, त्यालाही देव वाचवू शकते. "हे मी माझ्या मनानं नाही बोलत. चर्च सांगते. पण एक गोष्ट मी लपवणार नाही, बाई. वाचवणारा येशूच. तुम्हाला माहीत नसलं तरी तोच."

तू सूप थांबवलंस. "मंग त्याले माईत असलं म्हंजे झालं."

फादर खळखळून हसले. पण तुझं संपलं नव्हतं. तू परत दोन वेळा पाखडलंस आणि म्हणालीस, "पण तुम्ही म्हणले, ज्याले ठाऊक नाई त्याचा दोष नाई. मले तं आता ठाऊक झालं. हिनंच सांगतलं दिवाळीले. मंग हिनं माह्यावर उपकार केले का नुकसान केलं?"

माय, मी पुढे कितीतरी पुस्तकं वाचली, पण त्या ओसरीवर तू घातलेल्या पेचासारखा पेच मला कुठं भेटला नाही. मला तेव्हा रडू फुटलं. मला वाटलं, खरंच की, मी गप्प बसले असते तर तू वाचली असतीस. फादर हसायचे थांबले होते. बराच वेळ त्यांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "कानावर पडणं म्हणजे कळणं नाही. एवढी पोरगी घाबरून काहीतरी बोलली, त्याला देव तुमच्याविरुद्धची साक्ष मानत नाही." तुला ते अर्धंच पटलं, हे तुझ्या ओठांवरून मला दिसलं. तू दुसरीच गोष्ट काढलीस. आपल्या गावात निवाडा बसतो तेव्हा पंच असतात, दोन्हीकडचं ऐकून घेतात, चूक ठरली तर दंड बसतो, आणि दंड झाला की त्याच माणसाला पंगतीत मध्ये बसवून सगळे जेवतात. "तुमच्या देवाच्या निवाड्यात माणसाले बोलू देते का? अन् मंग जेवण असते का?"

"मी विचार करून सांगतो," फादर म्हणाले. एवढा शिकलेला माणूस असं म्हणतो याचं मला नवल वाटलं होतं. तुला नाही वाटलं. तू तांदळातले खडे बाजूला केलेस, सूप परत दिलंस आणि चारच्या बसनं गेलीस.

मी सुट्टीत पुन्हा घरी होते तेव्हा, थंडीत, ते खरंच आले. मोटारसायकल गावाबाहेर नाल्याजवळ ठेवून पायी आले, बुटांना चिखल. तू त्यांना बाजेवर बसवलंस. "बाई, मी वाचून आलो," ते म्हणाले, परीक्षेला बसल्यासारखे. चर्चनं कितीतरी माणसांची नावं घेऊन सांगितलं आहे की हे स्वर्गात आहेत. पण आजपर्यंत एकाही माणसाचं नाव घेऊन हा नरकात आहे असं सांगितलं नाही. तो अधिकार आपला नाहीच. नरक आहे, ते नाकारत नाही, पण तिथं कोण आहे हे कुणी बोलायचं नाही. आणि न्यायाच्या वेळी माणसाला बोलू देतात का, तर त्यांना वाटतं, तिथं माणूस स्वतःच सगळं लख्ख बघते, दुसऱ्यानं आरोप करायची गरज पडत नाही. तू लक्ष देऊन ऐकत होतीस. "अन् जेवण?" फादरांचा चेहरा उजळला. "आहे. शेवटी तेच आहे, बाई. पूर्वेकडून, पश्चिमेकडून लोक येतील आणि पंगतीला बसतील, असं येशूनंच सांगितलं." "मंग बरं हाय," तू म्हणालीस, आणि उठून त्यांना भात वाढलास. ते तुझ्या चुलीशी बसून हातानं जेवले. त्या दिवशी, मला वाटतं, माझं मन ठरलं. हाक दुरून आली आणि तिला ओ मी घरच्या चुलीपुढे दिली, असं काहीतरी. बाप्तिस्मा मी पुढे वयाच्या एकविसाव्या वर्षी घेतला, तुला विचारून. तू नवं लुगडं नेसून पहिल्या बाकावर बसली होतीस आणि मला पाणी घातलं तेव्हा पदर पुढे केलास, डोकं पुसायला.

मग तुझा आजार. लिव्हर गेलं होतं, पोटात पाणी झालं होतं. मी काम करत होते त्याच दवाखान्यात, खिडकीकडची खाट. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा मला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, मला कळतच होतं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं की जीव धोक्यात असला तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतो, फादर पाहिजेतच असं नाही. साधं पाणी, चार शब्द, आणि त्या माणसाची इच्छा. दुपारी राउंड झाला. वॉर्ड शांत होता, पंखा फिरतो आहे, तुझ्या उशाशी स्टीलच्या पेल्यात पाणी आहे. तू डोळे उघडतेस.

"माय, पाणी टाकू का डोक्यावर? तुही इच्छा असन तंच."

"तुले बरं वाटन का?"

"माह्यासाठी नाई. तुह्यासाठी."

"मंग राहू दे." तू थोडा दम घेतलास. "पोरगा वाट पाहून राह्यला. त्याले कोणी पाणी टाकलं नोतं. मी टाकून घेतलं अन् दुसरीकडे गेली, तं तो कोणाजवळ राहीन?"

मी तुझा हात धरला. म्हटलं, "तसं नाई, माय. देव लेकराइले सोडत नाई. फादर म्हणते, चर्च त्याइले देवाच्या दयेवर सोपवते."

"मंग मले बी नाई सोडणार," तू म्हणालीस.

मी तुझं डोकं उचलून तुला दोन घोट पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. गावच्या रीतीनं सगळं झालं, काकांनी केलं, मी बायकांत उभी होते.

महिन्यानं मी फादरांकडे गेले. ते म्हातारे झाले होते, नागपूरला राहायचे. मी सांगितलं की माझ्या हातात पाणी होतं आणि मी टाकलं नाही. त्यांनी मला आधी खुर्चीवर बसवलं. मग विचारलं, "तिला विचारलंस?" हो. "तिनं उत्तर दिलं?" हो. "मग नको म्हणणाऱ्याच्या डोक्यावर टाकलेलं पाणी म्हणजे नुसतं पाणी, बाप्तिस्मा नाही." आणि जाताना म्हणाले, "तुझ्या आईनं विचारलेलं अजून माझ्या डोक्यात आहे. उपकार का नुकसान. मी तिच्यासाठी मिस्सा करतो. तुला विचारलं नाही, माफ कर." तेही आता नाहीत. तुमची गाठ पडली असेल तर तो वाद तुम्ही मिटवला असेल, किंवा अजून चालू असेल. दोघांनाही घाई नव्हती.

कधीकधी मिस्सामध्ये मेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेत, ज्यांचा विश्वास फक्त देवालाच ठाऊक आहे त्यांच्यासाठी एक ओळ येते. ती आली की मी तुझं नाव मनात घेते. मला चर्चचं म्हणणं पटतं, अगदी मनापासून, आणि तरी माझं कुतूहल मिटत नाही. देवाची दया तुझ्यापर्यंत पोचते हे मला कळतं. ती कोणत्या वाटेनं येते, आपल्या गावच्या जंगलातून का, तुझ्या चुलीतून का, हे मला बघायचं आहे.

हा कागद मी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून देईन, कुणाला दाखवणार नाही. पण एक गोष्ट कबूल करते. मी तुझ्याबद्दल सिस्टरांना विचारलं, फादरांना विचारलं, एकदा बिशपांनाही धीर करून विचारलं. तुला विचारलं नाही. तो वाट पाहून राह्यला, असं तू म्हणालीस तेव्हा तुला चांगली शुद्ध होती, चेहऱ्यावर भीती नव्हती, आणि दुपार सगळी आपली होती. तिथं कसं आहे, तुला काय ठाऊक आहे, कुणी सांगितलं, एवढं विचारायला किती वेळ लागला असता? ड्युटी होती असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगते. खरं कारण वेगळं. तुझं उत्तर मला आमच्या उत्तराहून जास्त आवडलं असतं तर, याची मला धास्ती वाटली. म्हणून मी उठले आणि तुझ्या सलाईनची नळी तपासायला लागले. ती नीट चालली होती.