रुचिताचं सगळं मी बघते

३ जून
स्वयंपाकाच्या विमलाबाई आज रडवेल्या. त्यांची आंबिवलीची सून रुचिता, सातवा लागला, आणि आरोग्य केंद्रात अजून नावच नाही! नाव असलं तर तपासणी, गोळ्या, बाळंतपणाला न्यायला गाडी, सगळं फुकट. म्हटलं, रडू नका, रुचिताचं सगळं मी बघते. नीट इंग्रजीत बोललं की ऑफिसं हलतात.

५ जून
हेल्पलाइनला फोन. माझं इंग्रजी ऐकून पलीकडची मुलगी म्हणाली, मॅडम, मराठीत बोला ना. कॉन्व्हेंटच्या सिस्टर असत्या तर!

११ जून
नोंदणीचा ओटीपी रुचिताच्या फोनवर जातो. फोन नवरा दौलत कामावर नेतो. वैताग! शेवटी माझाच नंबर दिला, माजिवड्याचा पत्ताही माझाच. कामं अशी होतात. आमचे हे म्हणाले, बाळंतपणही तूच करून टाक.

२७ जून
मेसेज आला, ‘प्रिय माता, लोहाची गोळी घेतली का?’ रुचिताला लगेच फॉरवर्ड. दुपारी आरोग्य केंद्राच्या आशाताई दारात. गरोदर बाई कुठाय, विचारलं. ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. हसण्यासारखं काय त्यात? उद्याच पत्ता बदलते.

२८ जून
सर्व्हर बंद.

९ जुलै
पत्ता राहिला. दुपटी शिवत होते, माझ्याच जुन्या मऊ सुती साड्यांची. साकेतच्या वेळी आईने डोंबिवलीच्या घरी अशीच शिवली होती. किती जपायची मला. अशा वेळी मोबाइल कोण हातात घेतो?

१४ ऑगस्ट
विमलाबाईंचा फोन, ताई, कळा सुरू झाल्या, गाडी बोलवा! मी अगदी शांत. गाडीवाल्यांनी विचारलं, पत्ता नोंदवलेलाच ना? म्हटलं, अर्थात! सगळं व्यवस्थित नोंदवलंय.
गाडी काय झटपट आली! आमच्या गेटवर. ड्रायव्हर म्हणाला, पेशंट कोण? वॉचमन महिपत म्हणाला, मॅडमच असतील, त्यांनाच मेसेज येतात. आंबिवली म्हटल्यावर ड्रायव्हरने कपाळाला हात लावला.
रुचिता शेवटी शेजाऱ्याच्या रिक्षातून गेली. दवाखान्याच्या पायरीवर पोचता पोचता मुलगी झाली. दोघी सुखरूप. देवा!

१६ ऑगस्ट
मेसेज, ‘अभिनंदन, माता! बाळाला सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या.’
दुपटी घेऊन दवाखान्यात गेले. बाळाचं नाक अगदी विमलाबाईंचं. म्हटलं, आता जन्मदाखल्याचं मी बघते. रुचिताने सासूकडे पाहिलं. विमलाबाई घाईघाईने म्हणाल्या, नको ताई, आमचं आम्ही बघू.
दुपटी मात्र ठेवून घेतली.