लायमनच्या हाताने जिंकलेली माझी शर्यत

मार्बलहेड, मे महिन्यातील एक रविवार

तीर्थरूप प्रूडेन्सताईस,

एल्सवर्थचा सविनय नमस्कार. तुझा गुडघा व्हरमाँटच्या हिवाळ्यातून सुखरूप बाहेर पडला असेल, अशी आशा आहे. माझा पडला नाही. परंतु तो या पत्राचा विषय नव्हे.

विषय तळ्याचा आहे. रविवारची सकाळ नगरसमितीने आजवर आपल्या जुन्या, हातभर लांबीच्या शिडाच्या बोटींसाठी राखली होती (कोणी त्यांना 'खेळणी' म्हटलेले मी खपवून घेत नाही, हे तू जाणतेसच). आता समितीने कळवले आहे की, जूनच्या पहिल्या रविवारी पाच बोटी उतरल्या नाहीत, तर ती सकाळ फळीवर उभे राहून वल्हे मारणाऱ्या मंडळींना दिली जाईल. आमच्याकडे चार बोटी आहेत. सबब, लोकांत गोडी उत्पन्न व्हावी म्हणून आज आम्ही जाहीर शर्यत ठेवली. गेले दोन हिवाळे मी तळघरात बसून बोटीची फळी न् फळी घासली आणि दूरनियंत्रणाचा संचही बोटीच्याच काळातला, लांबलचक अँटेनाचा, बसवला. (तो क्षीण आहे, पण अस्सल आहे.)

या जुन्या संचांची एक रीत आहे. काठावरच्या फळीवर कपड्यांचे रंगीत चिमटे असतात. प्रत्येक रेडिओलहरीचा एक रंग आणि त्या रंगाचा एकच चिमटा. तो ज्याच्यापाशी, त्यानेच संच सुरू करायचा. त्या रंगाच्या इतरांनी थांबायचे, नाहीतर एकाचा संच दुसऱ्याची बोट हाकतो. मी पिवळा घेतला. लायमन ट्रास्कची लहरही पिवळीच. परंतु चिमटा म्हणजे सभासदत्वाची खूण, अशी त्याची इतक्या वर्षांनंतरही समजूत असल्याने, त्याने घरच्या वाळणीवरून दुसरा पिवळा चिमटा आणून शर्टाला लावला. शिवाय स्वतःच्या बोटीतली बॅटरी तो घरीच विसरला होता. त्यामुळे त्याची बोट बदकांत जाऊन विसावली.

माझी मात्र अशी काही धावली की बाकावर कुत्रा घेऊन बसलेल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी पहिला आलो, संच बंद करून गवतावर ठेवला आणि मंडळींना नम्रपणे वाकून अभिवादन केले. बोट तशीच डौलात वळली आणि पलीकडच्या काठाकडे निघाली.

"अरे एल्सवर्थ!" आपल्या संचाची दांडी अजून फिरवत लायमन ओरडला. "माझी बया हलेना, पण तुझी बघ गाईसारखी ऐकतेय! विकतोस का रे, म्हाताऱ्या?"

"काका," बाई म्हणाल्या, "हात न लावता पहिला नंबर येत असेल, तर मलापण द्या की एक!"

विजयाची नोंद मी स्वहस्ते खोडली. लोकांत गोडी उत्पन्न झाली, हे मात्र नाकारता येत नाही.

तुझा आज्ञाधारक बंधू,
एल्सवर्थ

ता. क. – तुझ्या खिडकीत जिरेनियमची कुंडी म्हणून उभी आहे, ती बाबांची बोट आहे. ती पाचवी होऊ शकते. तळ कुजला असल्यास दुरुस्त करावयास मी समर्थ आहे; फुलांविषयी मात्र हमी देत नाही.

पुन्हा ता. क. – टपालाने पाठवू नकोस, घेऊन ये. ती बोट तुझ्याखेरीज कोणाचे ऐकत नसे. मी प्रयत्न करून पाहिला आहे. बाबांचा तांबडा चिमटा फळीवर अजून आहे. कोणी हात लावू लागला की, मालकीण येणार आहे, असे मी सांगतो. लायमन म्हणतो, "बारा वर्षं हेच ऐकतोय." कृपया त्याला एकदा तोंडघशी पाड.