गौरीच्या आधीची गोळी

२२ ऑगस्ट, शुक्रवार, सकाळी १०
चहाच्या डब्यामागे गोळ्यांचं पाकीट सापडलं. अठ्ठावीस गोळ्या. एकवीस पांढऱ्या, सात तपकिरी. चष्मा लावून वाचलं. गर्भनिरोधक. माझ्या घरात. तेही जवळजवळ उघड्यावर.
पार्थच्या लग्नाला चौदा महिने झाले. नातवाचं विचारलं की तो मान खाली घालतो आणि सूनबाई मोठ गावच्या कॉलेजात शिकवायला निघून जातात. आता उलगडा झाला.
ठराव: रागवायचं नाही. आधी अभ्यास, मग समजूत. रेल्वेच्या पर्सनल ब्रँचमध्ये छत्तीस वर्षं माणसं हाताळली. एक सून काय!

संध्याकाळी ७
रागावलो. तिची बस उशिरा आली हेही कारण आहे.
म्हटलं, हे निसर्गाविरुद्ध आहे. देविका म्हणाली, तुमची बीपीची गोळी कुठल्या झाडाला येते, बाबा? उद्धट. गणित शिकवते, नीतिशास्त्र नाही.
पार्थ ट्रेनिंगसाठी कानपूरला. फोन केला. म्हणाला, बाबा, हमारा मामला है. इकडे उत्तरेत वाढलेल्या मराठी माणसाला मराठीत उत्तर देता येत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
यंदा गौरी देविकाच उभ्या करणार. सौ. शारदाचा उजवा हात प्लास्टरमध्ये. बाथरूममध्ये घसरली, कशी कोण जाणे, मॅट मीच उचलून ठेवली होती.
सोमवारी, एक तारखेला, इथल्या मराठी मंडळाची चाळीस पानं आमच्याकडे. नियम पुन्हा सांगितला: या घरात अडचण आलेली बाई चार दिवस बाजूला म्हणजे बाजूला. देविका म्हणाली, काळजी नको बाबा, सोय केली आहे. कसली ते विचारलं नाही. बायकांच्या गोष्टीत मी पडत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार
अभ्यास पूर्ण. तीन तास, दोन व्हिडिओ. गोळीत दोन हार्मोन असतात. ती दोन्ही मेंदूला खोटा निरोप देतात, आणि अंडाशय महिनाभर बीज सोडतच नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी चिकट पडदा धरतो. म्हणजे दारावर कुलूप आणि आत संप.
पाकिटातल्या कागदावर शेवटच्या सात गोळ्यांबद्दल एक परिच्छेद होता. किरकोळ तपशील. सोडला.
शनिवारी मंडळात या विषयावर बोलणार. शीर्षक: शरीराशी खोटेपणा. नारायणराव अध्यक्ष. त्यांनी विचारलं, लेझीमच्या आधी की नंतर? मी म्हटलं, ऐवजी. नाही म्हणाले. या माणसाला विचारांचं वावडं आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार
कृती केली. पाकीट कपाटात टाकून कुलूप लावलं. किल्ली जानव्याला.
जेवणानंतर देविकाने विचारलं, बाबा, माझी गोळी? मी शांतपणे म्हणालो, आता निसर्गाला त्याचं काम करू दे. शारदाने डावा हात कपाळावर मारून घेतला.
देविका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. मग म्हणाली, नक्की? मी म्हटलं, नक्की. म्हणाली, आजपासून? आजपासून. शारदा म्हणाली, अगं, उद्या दुसरं पाकीट आण. ती म्हणाली, नको आई, बाबांना निसर्ग हवाय.
हसली सुद्धा. समजूत पटली की माणूस असंच हसतं.

३० ऑगस्ट, शनिवार
व्याख्यान झालं. अकरा श्रोते, त्यात दोघे लेझीमवाले.
डॉक्टर रुक्मिणी मध्येच उठल्या. म्हणाल्या, गोळी सगळ्यांना चालत नाही. सिगरेट ओढणारी, रक्ताच्या गुठळीचा त्रास असलेली, अशांनी आधी डॉक्टरला विचारायचं. पण घ्यायची की नाही हे सासऱ्याला विचारायचं, असं मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नाही. टाळ्या. पंखा बंद होता म्हणून जास्त ऐकू आल्या.
मी मुद्दा मांडला: बाईने देहाचं चक्र थांबवणं हे पाप आहे. मग राधाबाई उठल्या. वय पंच्याहत्तर, आवाज पंचवीसचा. म्हणाल्या, मार्तंडराव, तुमच्याकडे तीस वर्षांत गौरीला एकही बाई बाजूला बसली नाही. हे कसं हो?
मी म्हटलं, घराण्याची पुण्याई.
बायका हसल्या. शारदा सुद्धा. का ते कळलं नाही.

३१ ऑगस्ट, रविवार
गौरींचं आवाहन. देविकाने दारातून आत आणल्या. पावलं सुरेख काढली. नऊवारी नेसली होती. तिला वळण लागतंय. श्रेय कुणाचं हे मी बोललो नाही.

१ सप्टेंबर, सोमवार, सकाळी ६
देविका मागच्या खोलीत. दार लोटलेलं. म्हणाली, बाबा, मी बाजूला.
म्हटलं, आजच? म्हणाली, गोळी मध्येच बंद केली की तीन-चार दिवसांत पाळी येतेच. गौरी होईपर्यंत पांढऱ्या गोळ्याच घेत राहणार होते. तीच सोय होती.
शारदाला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती म्हणाली, अहो, तीस वर्षं मी काय करत होते? दर भाद्रपदात पाळी लांबवायची गोळी. उलट्या व्हायच्या, पाय सुजायचे. तुम्ही म्हणायचात, उपासामुळे.

सकाळी ७.४५
मेडिकलवर गेलो. गोळी मागितली. पोटाचं चूर्ण मागतात तशा हळू आवाजात मागितली, तरी दुकानदाराने मोठ्याने विचारलं, किसके लिए, चाचाजी? मागे रांग. म्हटलं, घर में पूजा है. म्हणाला, शुरू हो गया? तो अब क्या फायदा. तीन दिन पहले आना था.

सकाळी ९.३०
पुरण मी शिजवायला घेतलं. खाली लागलं. दुसऱ्यांदा डाळ शिजलीच नाही. राधाबाईंना फोन केला. म्हणाल्या, माझ्या घरीही गौरीच आहेत, आणि माझी पुण्याई कमी पडते.

सकाळी १०.१५
शारदा म्हणाली, देविका करेल. पण तुम्ही तोंडाने बोलवायचं.
मागच्या दाराशी गेलो. म्हटलं, ये. ती म्हणाली, कुठे? म्हटलं, स्वयंपाकघरात. म्हणाली, ज़ोर से, बाबा, कुकर चालू आहे.
मोठ्याने म्हणालो. नारायणराव केळीची पानं घेऊन अंगणात उभे होते.

२ सप्टेंबर, मंगळवार
काल चाळीस जेवले. नैवेद्य तिने दाखवला. काही कोसळलं नाही. मी तीन पोळ्या खाल्ल्या. पाहुण्यांसमोर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.
दुपारी पार्थ आला. गौरींना निरोप दिला. मग मी देविकाला एकदाच, नीट, मोठेपणाने विचारलं, पुढच्या वर्षीचं काय ठरवायचं? ती भांडी पुसत होती. म्हणाली, मी आणि पार्थ ठरवू. तुम्ही फक्त हे ठरवा, बाबा, गोळी पाप आहे की गौरीची तयारी.
पार्थ माझ्याकडे बघत होता. यावेळी मान वर होती.
यावर इथे मी चार उत्तरं लिहिली आणि चारही खोडली.