किल्लीचं घड्याळ आणि टॉलिव्हरची जागा

यॉर्क, पेन्सिल्व्हेनिया
७ जुलै

प्रिय ल्युशस,

अटलांटात उकाडा फार असेल, तब्येतीला जप. इकडे आम्ही बरे आहोत. बाबांचा उजवा हात अजून थरथरतो, पण कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याचा पाव, डाव्या हाताने फस्त करतात आणि मीठ कमी पडलं की मला ऐकवतात.

शनिवारी यादवी युद्धातल्या लढाईचा यंदाचा देखावा उभा केला. खापरपणजोबांची काळ्या शिपायांची पलटण, तेच निळे कोट, १८६३ साल. नवशिके बरेच होते आणि त्यांची ठरलेली खोड, प्रत्येकाच्या कमरेला हातभर सुरा! तपासणीला कॅप्टन प्रुइट. ते म्हणाले, "खाटीकखाना काढायचाय का? खऱ्या शिपायांनी असले सुरे पहिल्याच चालीत रस्त्याकडेला टाकले. ओझं कोण वाहणार?" सगळे सुरे मुकाट्याने गाड्यांत परत गेले. एकाचं घड्याळ वरची कळ फिरवून चावी द्यायचं निघालं. "हे नातवाला दे," प्रुइट म्हणाले. "तेव्हा सुटी किल्ली लागायची."

माझ्या खिशात काय निघालं सांगू? हाडाच्या मुठीचा छोटा मिटता चाकू, जुन्या बाजारात गंजक्या चमच्यांच्या खोक्यात सापडलेला. आणि किल्लीचं घड्याळ. बंद आहे, म्हणून तर परवडलं. प्रुइटनी मागचं झाकण उघडून किल्लीचं भोक पाहिलं.

"चालत नाही हे."

"शिपायाला वेळ बिगुल सांगतो, सर."

ते हसले नाहीत, पण पुढे सरकले. माझी कॉलर ताठ झाली.

हो, मी रांगेत होते. बाई दुरून ओळखू आली की बाहेर, हा नियम तुला ठाऊक आहे. केस कापले, छाती बांधली, आवाज खाली आणला. बाबांना मैदानाकडेला खुर्चीत बसवून "लिंबूपाणी आणते" म्हणून सटकले.

हात थरथरायला लागून त्यांनी पलटण सोडल्यापासून हजेरीत 'टॉलिव्हर' पुकारतात आणि कोणी ओ देत नाही. ती जागा त्यांनी तुझ्यासाठी धरून ठेवली होती. तुला विचारलं, तू कामाची सबब सांगितलीस. त्याचा मला राग नाही. मला त्यांनी एकदाही विचारलं नाही, हे मात्र फार लागलं होतं.

"टॉलिव्हर!"

"हजर!"

बाबा खुर्चीतून उठलेच. शेजारच्या बाईने विचारलं, "काका, तुमचा मुलगा का?" आणि हा माणूस अख्ख्या पलटणीला ऐकू जाईल असं ओरडला, "मुलगा कसला! माझी मुलगी आहे ती. ओडेसा."

संपलं, असं वाटलं. प्रुइट वळून माझ्यासमोर आले. मला नखशिखान्त पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं.

"या उन्हात माझ्या कानाला दडे बसतात," ते म्हणाले. "पलटण, पुढे चल!"

ल्युशस, जागेची काळजी आता सोड. कधी यावंसं वाटलं तर जरूर ये, पण शेजारची नवी जागा मागावी लागेल.

तुझी मोठी बहीण,
शिपाई ओडेसा टॉलिव्हर