मीटरची केबल

मंगळवार, संध्याकाळ

गाडीचं किलोमीटरचं मीटर चार महिने बंद. वेगाचा काटाही शून्यावर. "जुनी गाडी, चालायचंच," हे म्हणायचे. आज मीच ती खोपटच्या गॅरेजवर नेली, हे शेजारी बसलेले. मेकॅनिक आत वाकून बघून हसला.

"मॅडम, बिघडलंय कुठे? मागची केबल कोणीतरी हाताने सोडवलीय."

हे रस्त्याकडे बघत पुटपुटले, "मीच सोडवली. डोंबिवलीला जायचो."

शीळफाट्याच्या त्या ट्रकांमधून काटा शून्यावर ठेवून गाडी चालवत होते! सत्तरीचा माणूस. कशासाठी? डोंबिवलीला बहिणीकडे जायला. सासूबाईंच्या आजारपणात वन्सं एकदाही फिरकल्या नाहीत, तेव्हाच मी बजावलं होतं, या घरातून तिकडे कोणी जायचं नाही. त्यात माझं काय चुकलं?

"सरळ सांगायचं होतंत," घरी आल्यावर मी म्हटलं.

"तू रोज किलोमीटर वाचतेस, अगं. सांगून सुटलो असतो?"

मघाशी यांनी चपला घातल्या आणि दारातूनच म्हणाले, "डोंबिवलीला जातोय. बसने."

किल्ली खुंटीवरच. मी खाली जाऊन गाडीत बसून आले. मीटर आता व्यवस्थित झालंय. काटा शून्यावर.