व्हिसाच्या नावावर मूळव्याधीचं ऑपरेशन

स्फाक्स

प्रिय दलेंदाताईस,

मोन्सेफचा सलाम. दाजींना सलाम, मुलांना गोड पापा (मुलं आता दाढी करतात हे ठाऊक आहे, तरी द्यावा). मार्सेलच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? अल्लाच्या कृपेने आम्ही बरे आहोत, आणि मी तर आता बसूही शकतो.

सांगायचं म्हणजे, टॅक्सीत बसून ट्युनिसची भाडी मारण्यात माझा जन्म गेला आणि त्यातून जी मूळव्याध बाहेर आली ती आत जायचं नाव घेईना. प्रत्येक थांब्यावर आडोशाला जाऊन तिला हाताने आत घालायची आणि मग प्रवाशांच्या बॅगा उचलायच्या (हात धुवून, शपथेवर सांगतो). बाबांचं ऑपरेशन तुला आठवत असेल. ते आठवडाभर ओरडत होते आणि तू त्यांचा हात धरून बसली होतीस. आता तसं नसतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, बाहेर काही कापायचं नाही. घसरलेलं वर ओढून यंत्राने आतून टाचायचं. तिथे दुखणं फारसं कळतच नाही." खरंच, थोडी कळ सोडली तर काही नाही. मी ओरडायच्या तयारीने गेलो होतो, ती वाया गेली. हात धरायला कुणी नव्हतं आणि तशी गरजही पडली नाही, याचं मात्र फार वाईट वाटलं.

गल्लीत हसं नको म्हणून मी सांगून गेलो होतो की फ्रान्सच्या व्हिसासाठी ट्युनिसला जातोय, ताईला भेटायचंय. परतलो तो पाय फाकवून, मान खाली घालून. खमाइस न्हाव्याने बघितलं आणि कात्री खाली ठेवली. "नाही दिला ना? मेल्यांना बहीण-भाऊ कळत नाहीत." मला त्याच्या लाकडी बाकावर बसवलं (तिथेच!), चहा पाजला, आणि जमलेल्या प्रत्येकाने आपापला नाकारलेला व्हिसा सांगितला. शेजारच्या सबरियाने मासे घातलेला कुसकुस पाठवला, मिरचीने लालभडक. सांत्वनाचं ताट परत कसं पाठवणार? खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची आठवण आली.

बाकावर मला रडू फुटलं, ताई. खमाइस पाठ थोपटत म्हणाला, "रड बाबा, बहिणीसाठी रडायला लाज कसली." मी रडून घेतलं.

तुझा धाकटा,
मोन्सेफ

ता. क. हे सगळं दाजींना वाचून दाखवू नकोस. व्हिसाचं तेवढं चालेल.

आणखी एक. व्हिसा मी हिवाळ्यात खरंच मागितला होता. नाकारला. तेव्हा कुणालाच सांगितलं नाही, तुलाही नाही. मला काही येता येत नाही, तेव्हा या उन्हाळ्यात तूच ये. मला दुखत नाही म्हणून येणं टाळू नकोस.