शेवटच्या खेपेचे दिवे

३ डिसेंबर
बल्ब बदलल्यावर इंडिकेटर दुप्पट घाईने का लुकलुकतो? बाबांनी विचारलं आणि मला सांगता आलं नाही. घरातली पहिली पदवीधर, तीही फिजिक्सची!
क्लासमध्ये शिकवायच्या पहिल्या पगारातून बाबांच्या जीपला सगळे एलईडी आणले. हेडलाइट, इंडिकेटर, मागचे लाल. 'दिवे म्हातारे झाले, सांजचं दिसत नाय' असं ते सारखं म्हणत होते म्हणून. पोलादपूर स्टँड ते आमची वाडी, शेवटची खेप हल्ली अंधारातच.
आता डावा इंडिकेटर पिसाळलाय. शिवाय ब्रेक दाबला की तोही मिणमिणतो.
गजाकाका स्टँडवरची टपरी बंद करून रोज याच खेपेला, पुढच्या सीटवर. आज म्हणे, "मास्तरीणबाय, जीपला लग्नाची लायटिंग केलीस काय गो?" सगळी जीप हसली. बाबाही.

५ डिसेंबर
क्लासची मुलं सुटल्यावर महाडला वायरमनकडे गेले. साधं आहे. इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर, बल्ब किती करंट ओढतो त्यावर चालतो. एलईडी जेमतेम ओढतो, त्याला वाटतं बल्ब गेला, म्हणून तो घाई करतो. मला सुचायला हवं होतं.
नवा फ्लॅशर आणून मीच बसवला. टिक… टिक… शांत.
आई दारातून बघत होती. "झालं?" "झालं." मग म्हणाली, "आता त्यांना दिसंल ना?"
तिचं ते विचारणं जरा…

७ डिसेंबर
सुट्टी. मिणमिणण्याचं कारण सापडलं, अर्थिंग. मागच्या दिव्याच्या स्क्रूवर किती पावसाळ्यांचा गंज! करंटला परत जायला वाट नाही म्हणून तो शेजारच्या दिव्यातून जायचा. जुन्या बल्बला तेवढ्याने काही व्हायचं नाही, एलईडी लगेच उजळतो. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलं. हात काळे, मन खूश.
बाबा संध्याकाळी परत आल्यावर: "समदं बरं झालं. हेडलाइट तेवढा फाकतोय. बघ जरा."

८ डिसेंबर
शाळेच्या भिंतीसमोर जीप लावून उजेड पाहिला. मला स्वच्छ दिसतो. वर अंधार, खाली उजेड, मधे सरळ रेघ.
बाबा म्हणाले, "उजेडाला केस फुटलेत गो."
बल्ब काढून पुन्हा बसवले. कोन खाली घेतला. व्होल्टेज मोजलं, बरोबर. शेवटी जुने पिवळे बल्ब परत लावले.
"ह्ये पण फाकतंय. तुज्या बल्बानं सवय बिघडवली माजी."
मी किती हसले. मग हसू थांबलं. बल्ब बदलले, वायर तीच, भिंत तीच. तपासायचं राहिलं ते एकच. लिहवत नाही.

१० डिसेंबर
गजाकाका मुलाकडे मुंबईला गेलेत. एरवी मी मागे, आज क्लास लवकर सुटला म्हणून शेवटच्या खेपेला त्यांच्या जागेवर मी बसले.
फाटा सोडला तशी जीप पहिल्या गिअरमध्ये. समोरून डंपर आला तेव्हा बाबा चक्क थांबले आणि काच पुसली. काच स्वच्छ होती. मागून कुणीतरी, "भाऊ, पायी पोचलो असतो की!"
मोरीच्या पुढच्या वळणावर माझ्या बाजूचं चाक रस्ता सोडून खाली उतरलं. मी ओरडले, "बाबा, उजवीकडे!" त्यांनी घेतलं.
घरी आल्यावर आठवलं. गजाकाका वाटभर बडबडतात. "आता आली बघ मोरी. हितं माजी म्हस पडली व्हती. घे उजवीकडं, खड्डा हाय." सगळे त्यांना हसतात. मीसुद्धा.
रस्ता गजाकाका बघत होते.

१२ डिसेंबर
गजाकाका परत आले. टपरीवर गाठलं. आधी चहा पुढे केला, मग विषय बदलला, मग कबूल झाले. पावसाळ्यापासून चाललंय.
"तुज्या बापानं शपथ घातलीय. डोळ्याचं कागदावर आलं तर लायसन जाईल, गाडी बंद, म्हणतो."
"आणि तुम्ही नसाल त्या दिवशी?"
"म्हणून तर पोराकडं जीव रमत नाय गो माजा. गेलो तसा आलो."
आईलाही माहीत होतं. मीच एकटी बल्ब बदलत बसले होते.

१३ डिसेंबर
बाबांशी बोलले. मोतीबिंदू असेल, ऑपरेशनने जातो, महाडला तपासून घेऊ, मी बरोबर येते.
"डोळ्यांना काय धाड भरलीय? तू बल्ब आणलास तवापास्नं हाय ह्ये."
ओरडले नाहीत. माझ्याकडे बघून बोलले, पण नजर जराशी बाजूला होती. मला बघायचं टाळत होते, की मी तिथेच दिसत होते?
याच गाडीने मला कॉलेजला पोचवलं. याच गाडीत आता वाडीतल्या दुसऱ्या पोरी बसतात.

१४ डिसेंबर
दुपारी एलईडी परत बसवले. एकेक दिवा लावून पाहिला. एकही बिघाड नाही.
मग हेडलाइटचा फ्यूज काढला. बाबा ओट्यावर बसले होते, त्यांच्या तळहातावर ठेवला आणि सांगितलं, दिवे बिघडलेले नाहीत, मी काढलेत. डोळे तपासून होईपर्यंत शेवटची खेप उजेडात. गजाकाका टपरी लवकर बंद करतील. कॉलेजच्या पोरींना सांगितलं. दोघींचं प्रॅक्टिकल उशिरा सुटतं, त्यांचं काय करायचं ते अजून ठरलं नाही.
बाबांनी फ्यूज बोटांनी चाचपला. परत दिला. आई आत भांडी आपटत होती.
फ्यूज माझ्या पर्समध्ये आहे. स्पेअर फ्यूज डॅशबोर्डच्या कप्प्यात असतात, बाबांनीच ठेवलेले. ते मी हलवले नाहीत.